देलाक्रवाच्या स्वातंत्र्यदेवतेची प्रत घेताय? आधी कडा पाहा, मग झगा

फ्रेंच चित्रकार यूजीन देलाक्रवाचं 'जनतेला वाट दाखवणारी स्वातंत्र्यदेवता' हे चित्र घराच्या भिंतीवर असावं असं अनेकांना वाटतं, आणि त्याच्या प्रतीही नाना प्रकारच्या मिळतात. गुळगुळीत पोस्टर, लाकडी पट्ट्यांवर ताणलेला कॅनव्हास, सुती कागदावरचं प्रिंट, हातानं रंगवलेली नक्कल, भिंतभर वॉलपेपर, अगदी तुकडे जुळवायचं कोडंसुद्धा. यांतल्या बहुतेक प्रती चित्रावर अन्याय करतात, आणि तो शाईपेक्षा कात्रीनं जास्त होतो. झेंडा घेतलेली बाई मधोमध असल्यानं ती कशीही वाचते. या चित्राचा निम्मा अर्थ मात्र चारही कडांना नेऊन ठेवलेला आहे. म्हणून पुढच्या सगळ्या परीक्षणाला कसोटी एकच आहे: देलाक्रवानं जे जिथे ठेवलं, ते प्रतीत तिथे शिल्लक आहे का?

प्रतीसोबत येणारा माहितीचा कागद आधी वाचून घ्यावा. त्यावर '१७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती' असं छापलेलं असेल, तर विकणाऱ्यानं चित्र नीट पाहिलेलं नाही हे तिथेच समजतं. हे चित्र १८३० सालच्या जुलै क्रांतीचं आहे. राजा दहाव्या चार्ल्सनं वटहुकूम काढून वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य गोठवलं, नवं निवडून आलेलं सभागृह बरखास्त केलं, आणि २७, २८, २९ जुलै असे तीन दिवस पॅरिसचे रस्ते पेटले. चित्राच्या पूर्ण नावात २८ जुलै ही तारीखच आहे. देलाक्रवानं त्याच वर्षी शरद ऋतूत ते रंगवायला घेतलं. देशासाठी मी लढलो नाही, निदान देशासाठी चित्र तरी काढीन, अशा अर्थाचं त्यानं ऑक्टोबरमध्ये भावाला लिहिलं होतं. १८३१ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, चित्र लागलं, सरकारनं ते ३,००० फ्रँकला विकत घेतलं, आणि क्रांतीनंतर गादीवर आलेल्या नव्या राजालाही ते फार ज्वलंत वाटल्यानं थोड्याच काळात नजरेआड केलं. लूव्रच्या संग्रहात ते आलं १८७४ मध्ये, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी.

साल चुकलं तर झेंड्याचा अर्थही हातातून निसटतो. १८१५ नंतर बूर्बों घराण्याच्या राजांनी तिरंगा हटवून पांढरा झेंडा परत आणला होता. पंधरा वर्षं दडपलेले ते तीन रंग जुलै १८३० मध्ये उघड्यावर फडकले. चित्र पाहायला आलेल्या पहिल्या प्रेक्षकासाठी ती ताजी घटना होती. म्हणून तो कापडाचा तुकडा चित्राच्या शिखरावर आहे, आणि म्हणूनच दूर धुरात पॅरिसच्या नोत्रदाम चर्चच्या मनोऱ्यावर तो पुन्हा एकदा, अगदी इवलासा दिसतो. हा दुसरा तिरंगा प्रतीत दिसतो का, ही तपासायची पहिली जागा. तो नसेल तर छपाईला वापरलेली फाइल लहान आहे, असं खुशाल समजावं.

आता मापं. मूळ चित्र २६० × ३२५ सेंटिमीटर आहे, म्हणजे उंची आणि रुंदीचं प्रमाण बरोबर ४:५. हे फार सोयीचं प्रमाण आहे. ४० × ५०, ६० × ७५, ८० × १०० या मापांत चित्र एक मिलिमीटरही न कापता बसतं. तरीही बाजारात ते सर्रास ५० × ७०, ए२ (४२ × ५९.४) किंवा ६० × ९० मध्ये विकलं जातं, कारण तयार फ्रेम त्या मापांच्या असतात. ५० × ७० मध्ये चित्र रुंदीनं पूर्ण भरलं की उंचीतला मूळ चित्राचा सुमारे २८ सेंटिमीटरचा पट्टा जातो. ए२ मध्ये ३० सेंटिमीटर जातात. ६० × ९० मध्ये ४३ सेंटिमीटर, म्हणजे उंचीचा सहावा हिस्सा. संगणकाच्या किंवा टीव्हीच्या १६:९ पडद्यावर पूर्ण भरून लावलं तर जवळजवळ तीस टक्के चित्र नाहीसं होतं. काही ठिकाणी कापण्याऐवजी चित्र ताणतात. ते तर कापण्याहूनही वाईट, कारण स्वातंत्र्यदेवता आखूड आणि रुंद होते आणि तिच्या अंगातला वर झेपावणारा जोरच संपतो.

वरून कापलं तर काय जातं ते उघड आहे. झेंडा वरच्या कडेच्या इतका जवळ आहे की थोडी कात्री लागली तरी चित्राच्या त्रिकोणी रचनेचं टोक बोथट होतं. ग्राहकांनाही ते डोळ्यांनी कळतं, म्हणून विक्रेते सहसा खालून कापतात. माझ्या मते या चित्राचं सर्वांत मोठं नुकसान तिथेच होतं.

खालच्या कडेला प्रेतं आहेत. डावीकडे शर्ट वर सरकलेला, कमरेखाली उघडा पडलेला माणूस, एका पायात मोजा. उजवीकडे सैनिक: करड्या-निळ्या ओव्हरकोटातला, पांढरे गेटर (पोटऱ्यांवरची कापडी आवरणं) घातलेला राजाचा स्विस पहारेकरी, त्याची शाको टोपी जमिनीवर, आणि जवळच पांढऱ्या स्कंधपट्टीचा घोडदळातला शिपाई. दोन्ही बाजूंचे मेलेले एकाच पातळीवर, एकाच ओळीत ठेवले आहेत. संपूर्ण त्रिकोणी रचनेचा हा पाया. पायापासून वर जाताना रस्त्यावर रचलेल्या अडथळ्याचे दगड आणि लाकडं, मग गुडघ्यावर आलेला जखमी, मग स्वातंत्र्यदेवतेचं अंग, तिचा उचललेला उजवा हात आणि शेवटी झेंडा. नजर मृत्यूपासून निघते आणि झेंड्यापाशी थांबते. खालचा पट्टा कापला की त्रिकोण हवेत तरंगतो आणि खाली मान घालायला लावणारा भाग निघून जाऊन फक्त जल्लोष उरतो.

खालच्या कडेचं आणखी एक काम आहे, आणि ते समजायला शेजारचं चित्र आठवावं लागतं. लूव्रच्या देनों विभागात, ७०० क्रमांकाच्या दालनात, चित्रकार जेरिकोचं 'मेड्युसाचा तराफा' हे जहाज फुटून तराफ्यावर उरलेल्या माणसांचं चित्र याच्या सोबतीला आहे. जेरिकोचं चित्र देलाक्रवाच्या पुरतं ओळखीचं होतं. त्यातल्या एका देहासाठी तो स्वतः मॉडेल म्हणून बसला होता. दोन्ही चित्रांत खाली प्रेतं आहेत, वर हलणारं कापड आहे आणि मधे माणसांचा चढत जाणारा ढीग आहे. पण तराफ्यावरची माणसं आपल्याकडे पाठ करून क्षितिजाकडे खुणा करतात. देलाक्रवानं तो ओघ उलटा फिरवला. त्याचा जमाव थेट आपल्या अंगावर येतो, आणि पुढच्या पावलाला तो या प्रेतांना ओलांडून चित्राबाहेर पडणार. म्हणजे पाहणारा उभा आहे तो ज्यांच्यावर हा जमाव चालून येतोय त्यांच्या जागी. खालची कड ही त्या दोघांमधली शेवटची जागा. ती कापलेली प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नये.

डावी कड विसरण्यासारखी वाटते, पण तिथेच सर्वांत जास्त माहिती भरलेली आहे. अगदी टोकाला, दगडांना घट्ट धरून, डोळे विस्फारलेला एक मुलगा आहे. त्याच्या डोक्यावर शिपायाची टोपी आहे. त्याच्या वर हातात तलवार घेतलेला कारखान्यातला कामगार, अंगात एप्रन, पोटाशी रुमालानं बांधलेलं पिस्तूल. मग उंच टोपीवाला माणूस, हातात शिकारीची दुनळी बंदूक. याला पुष्कळ ठिकाणी देलाक्रवाचं आत्मचित्र म्हटलं जातं, पण त्याला भक्कम आधार नाही. त्यापेक्षा त्याचे कपडे पाहावेत: डोक्यावर शहरी टोपी, पण खाली कामगारासारखी ढगळ विजार आणि लाल कमरपट्टा. दोन वर्ग एकाच अंगावर. मागच्या गर्दीत पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निक या लष्करी-अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्याची दुटोकी टोपी डोकावते. स्वातंत्र्यदेवतेच्या डाव्या हातात पायदळाची संगीन लावलेली बंदूक, आणि तिच्या डाव्या बाजूला, म्हणजे आपल्याला उलटं वाटेल पण चित्रात उजवीकडे, विद्यार्थ्याची काळी बेरेट घातलेला मुलगा, दोन्ही हातांत घोडदळाची पिस्तुलं, खांद्यावरून आडवी काडतुसांची पिशवी.

हत्यारांची ही यादी सजावटीसाठी नाही. पायदळाची बंदूक, शिकारीची बंदूक, तलवार, घोडदळाची पिस्तुलं, पहिल्या मुलाच्या हातातले नुसते रस्त्याचे दगड: ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचललं. जुलैचा उठाव कोणी केला, या प्रश्नाचं उत्तर देलाक्रवानं टोप्यांतून आणि हत्यारांतून दिलं आहे. म्हणून प्रतीत डावीकडून पाच टक्केसुद्धा कमी होता कामा नयेत. दगड धरलेल्या मुलाचा चेहरा पूर्ण दिसतो का, ही तपासायची दुसरी जागा.

उजवी कड मात्र मुद्दाम मोकळी आहे. डावीकडे माणसांची दाटी, उजवीकडे धूर, दूरची घरं, नोत्रदाम आणि धुरात अस्पष्ट दिसणारे शिपाई. ही असमतोल मांडणीच जमावाला ढकलते. स्वातंत्र्यदेवता चेहरा मागे, डावीकडे वळवून जमावाकडे पाहते, पण तिचं पाऊल पुढे पडतं. नोत्रदामची जागा आणि दिशा पॅरिसच्या नकाशाशी काटेकोर जुळत नाही. हे पॅरिस आहे एवढं एका नजरेत पटवणं हेच तिचं काम. पिस्तुलं घेतलेल्या मुलाच्या शेजारी, अडथळ्याच्या लाकडावर, तांबड्या रंगात देलाक्रवाची सही आणि १८३० हे साल आहे. सही वाचता येते का, ही तिसरी जागा. कधीकधी फाइल आरशातल्यासारखी उलटी छापलेली असते. सही उलटी, किंवा नोत्रदाम डावीकडे दिसलं, की ती प्रत तशीच परत करावी.

कात्रीनंतर रंग. इथे २०२४ ही सीमारेषा मानावी. चित्रावर वॉर्निशचे अनेक थर साचून पिवळे पडले होते. सप्टेंबर २०२३ पासून ते उतरवण्याचं काम झालं आणि मे २०२४ च्या सुरुवातीला चित्र पुन्हा लोकांसमोर आलं. त्याआधीच्या फोटोंत स्वातंत्र्यदेवतेचा झगा सरसकट मोहरीसारखा पिवळा दिसतो. सफाईनंतर कळलं की तो मुळात फिकट राखाडी आहे आणि त्यावर सोनेरी-पिवळ्याचे फटकारे आहेत. धूर पांढरा झाला, आकाशात निळाई आली, आणि खाली डावीकडे फरसबंदीत मिसळून गेलेला एक जुना बूट दिसू लागला.

फरक फक्त 'रंग खुलले' एवढाच नाही. झगा पिवळाधमक असेल तर चित्रात झेंड्याशी स्पर्धा करणारा चौथा मोठा रंग तयार होतो आणि नजर तिच्या छातीपाशी अडकते. झगा राखाडी असेल तर ती धुरातून आणि दगडांतूनच उभी राहिल्यासारखी वाटते, तिच्यावर फक्त उजेड पडतो, आणि ठळक रंग उरतात ते झेंड्याचे तीन. तेच तीन रंग तिच्या पायाशी गुडघ्यावर आलेल्या माणसाच्या कपड्यांत परत येतात: निळा सदरा, मधून डोकावणारा पांढरा, लाल कमरपट्टा. तो वर तिच्याकडे पाहतो आणि झेंड्याचा प्रतिध्वनी खालून वर जातो. पिवळ्या फोटोत पांढऱ्याचा पिवळा आणि निळ्याचा हिरवट झालेला असतो, त्यामुळे हा प्रतिध्वनी ऐकूच येत नाही. चित्रातल्या खोलपणाचंही तसंच. स्वच्छ चित्रात पिस्तुलं घेतलेला मुलगा स्वातंत्र्यदेवतेच्या एक पाऊल पुढे धावतोय हे कळतं. जुन्या फोटोंवरून केलेल्या प्रतींत दोघं एकाच रेषेत चिकटवल्यासारखी दिसतात.

तेव्हा झगा राखाडी आहे का ही चौथी जागा, आणि डावीकडचा बूट ही पाचवी. विक्रीच्या पानावरचा फोटो आणि हातात येणारी प्रत वेगळी असू शकते, म्हणून या पाच जागांचे जवळून घेतलेले फोटो विक्रेत्याकडून मागवून मगच पैसे द्यावेत. 'व्हिंटेज' छटा, खोट्या तडा, कडेला जळल्यासारखा तपकिरी पट्टा असल्या करामती असतील तर पुढे पाहायचीही गरज नाही. तज्ज्ञांनी महिनोन्‌महिने खपून जो पिवळेपणा उतरवला, तोच पुन्हा विकत घेण्यात काय अर्थ आहे?

आता एकेक प्रकार.

गुळगुळीत पोस्टर सर्वांत स्वस्त, आणि योग्य मापाचं मिळालं तर अभ्यासासाठी अगदीच टाकाऊ नाही. पण चकचकीत कागदावर खालचा गडद तिसरा भाग आरशासारखा चमकतो, आणि प्रेतं आहेत तिथे खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. मॅट पोस्टर घ्यावं. विद्यार्थ्यांना प्रतीकं समजावून द्यायची असतील तर ४० × ५० चं मॅट पोस्टर पुरतं.

पट्ट्यांवर ताणलेला कॅनव्हास सर्वांत जास्त खपतो, आणि या चित्रासाठी मी तो शेवटून दुसरा ठेवीन. चार सेंटिमीटर जाडीच्या पट्टीवर चित्रच वळवून नेलं तर ४० × ५० च्या प्रतीत प्रत्येक बाजूनं मूळ चित्राचे सुमारे वीस-बावीस सेंटिमीटर भिंतीच्या बाजूला जातात. दगड धरलेला मुलगा तिथेच दुमडला जातो. घ्यायचाच असेल तर चित्र पूर्ण समोर आणि वळलेल्या कडा एकरंगी, गडद करून मागाव्यात. आरशासारखी उलटी केलेली कड नको, कारण बाजूनं पाहिल्यावर प्रेताचे पाय दुप्पट दिसतात. दुसरी अडचण विणीची. ४० × ५० ची प्रत मूळ चित्राच्या साडेसहापट लहान असते. मूळचा एक सेंटिमीटर तिच्यात दीड मिलिमीटर होतो, पण कॅनव्हासचा धागा मात्र त्याच प्रमाणात बारीक होत नाही. मागच्या गर्दीतले चेहरे आणि मनोऱ्यावरचा झेंडा विणीतच हरवतात. कॅनव्हास हवाच असेल तर ८० × १०० च्या खाली जाऊ नये.

सुती कागदावरचं पिगमेंट शाईचं प्रिंट हा निःसंशय सर्वांत चांगला पर्याय. कागद आम्लमुक्त, पूर्ण कापसाचा, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपास, मॅट पृष्ठभागाचा असावा. शाई डायची (विरघळलेल्या रंगाची) नको, पिगमेंटची (बारीक रंगकणांची) हवी, ती उजेडात जास्त टिकते. कागद दुधासारखा पांढरा दिसत असेल तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत का ते अतिनील टॉर्चनं पाहावं. ती असतील तर कागद निळसर उजळतो. काही वर्षांनी ही रसायनं निकामी होतात आणि कागद पिवळसर पडतो. म्हणजे वॉर्निशनं जे केलं तेच कागद करणार, आणि पहिला बळी पुन्हा धूर आणि तो राखाडी झगाच.

हातानं रंगवलेली नक्कल चांगली असू शकते, पण ती करणारा चित्र 'सुधारायला' जातो. काखेतले केस पुसले जातात. १८३१ मध्ये टीकाकारांना नेमके तेच खटकले होते, कारण देवतेला काखेत केस नसतात असा समज होता. देलाक्रवानं ते ठेवले, कारण त्याला एकाच देहात प्राचीन पुतळा आणि रस्त्यावरची बाई दोन्ही हवी होती. डोक्यावर फ्रिजियन टोपी (स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली मऊ टोपी), बाजूनं दिसणारा नाण्यावरच्यासारखा चेहरा, उघडी छाती हे एकीकडे, आणि उन्हानं रापलेली कातडी, अनवाणी पाय, हातातली खरी बंदूक दुसरीकडे. गोरीपान, गुळगुळीत, समोर बघणारी स्वातंत्र्यदेवता रंगवली की ती फक्त रूपक उरते. डावीकडच्या प्रेताला विजार चढवलेली असेल तर नकलाकारानं हात आवरता घेतला नाही हे आणखी स्पष्ट होतं. उरलेली रक्कम देण्याआधी चेहरा, काख, प्रेत, मनोरा आणि सही या पाच ठिकाणांचे फोटो मागावेत.

भिंतभर वॉलपेपर पट्ट्यांत येतो, आणि पट्ट्यांची संख्या सम असेल तर मधला सांधा चित्राच्या बरोबर मध्यावर, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या अंगावरून जातो. मूळ मापाचा, ३२५ सेंटिमीटर रुंदीचा घेत असाल तर ६५ सेंटिमीटरच्या पाच पट्ट्या मागा, चार नको. कोड्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खोक्यावर मापं वाचा, भागाकार करा, १.२५ आलं तर घ्या.

स्वतः फाइल मिळवून छापून घेणं हा मार्ग थोडा खटपटीचा आहे, पण हाच मी सुचवीन. लूव्रची ऑनलाइन संग्रहसूची २०२१ पासून खुली आहे. चित्राचा नोंदणी क्रमांक आर. एफ. १२९ आहे, तो टाकून शोधलं की इतर नकलांत घोळ होत नाही. फाइल कुठूनही मिळवा, तिची कड या सूचीतल्या चित्राशी ताडून पाहा आणि फोटो सफाईनंतरचा आहे याची खात्री करा. लांब बाजूला ५,९०६ आणि आखूड बाजूला ४,७२४ पिक्सेल हा लक्षात ठेवायचा आकडा. एवढ्या फाइलमधून ४० × ५० चं प्रिंट ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल), ६० × ७५ चं २०० ला आणि ८० × १०० चं १५० ला निघतं. ६० × ७५ हे मला सर्वांत समाधानकारक माप वाटतं. दीड मीटरवरून सगळं चित्र एका नजरेत येतं आणि जवळ गेल्यावर सहीही वाचता येते. फाइल लहान असेल तर सॉफ्टवेअरनं फुगवू नका. अशी सॉफ्टवेअर धुरातले चेहरे स्वतःच्या कल्पनेनं रंगवतात.

छापण्याआधी त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतील हे सांगणारी फाइल) लावून पडद्यावर पाहावं. मॅट कागदावर काळा रंग तितका खोल उतरत नाही, त्यामुळे खालचा भाग एकच तपकिरी गोळा होतो. उपाय म्हणजे फक्त खालच्या तिसऱ्या भागातल्या सावल्या किंचित उचलणं, इतक्याच की बुटाचा आकार आणि फरसबंदीचे सांधे वेगळे दिसतील. संपूर्ण चित्र उजळलं तर धूर फटफटीत होतो आणि झेंडा फिका पडतो. लालचं संपृक्तीकरण (रंगाचा भडकपणा) वाढवायचा मोह होईल, तो आवरावा. मग पूर्ण प्रिंटच्या आधी, त्याच प्रमाणात, साधारण १० × २० सेंटिमीटरचे तीन तुकडे छापून घ्यावेत: झग्याची कड आणि मागचा धूर, डावीकडच्या प्रेताचा शर्ट, नोत्रदामचा मनोरा. ते दिवसाच्या उजेडात पाहावेत. शर्ट पिवळट दिसला तर रंगांचा तोल चुकला आहे, मनोऱ्यावरचा झेंडा ठिपका झाला असेल तर फाइल कमी पडली आहे, आणि झगा हिरवट आला असेल तर प्रोफाइल दुसऱ्याच कागदाचं लागलं आहे. तुकडे छापून द्यायला तयार नसलेल्या छपाईवाल्याकडे हे काम देऊ नये.

प्रिंटभोवती सर्व बाजूंनी तीन ते पाच सेंटिमीटर कोरा कागद ठेवायला सांगा. फ्रेमची खाच प्रत्येक बाजूनं पाच-सहा मिलिमीटर झाकते, आणि ६० × ७५ च्या प्रतीत तेवढ्यात मूळ चित्राचे अडीच सेंटिमीटर जातात. कोरा पट्टा असेल तर खाच त्यावर बसते. माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकीही चित्रापेक्षा पाच मिलिमीटर मोठी कापून घ्यावी. साधी काच या चित्राला चालत नाही, प्रतिबिंब रोखणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक लावावं, नाहीतर गडद भागात स्वतःचाच चेहरा दिसत राहतो.

दिवा २७०० केल्विनचा पिवळा लावलात तर सगळी सफाई वाया गेली असं समजा, झगा संध्याकाळी पुन्हा मोहरी होईल. ४००० केल्विनच्या आसपासचा, सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक) ९० पेक्षा जास्त असलेला दिवा लावावा, आणि थेट ऊन पडेल अशी भिंत टाळावी. टांगण्याची उंची नेहमीपेक्षा जास्त ठेवा. एरवी चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येतो. या चित्राचा १७० च्या जवळ यावा. तेव्हा उभ्या माणसाचे डोळे प्रेतांच्या पातळीवर येतात, आणि झेंड्यापर्यंत पोचायला मान वर करावी लागते.